तारवाला पळून जात नाही

धाकूनाना सिनेमाला आले की तंबूचा मालक त्यांना मधल्या खांबाजवळ बसवायचा आणि शेजारी आपला एक दणकट माणूस ठेवायचा. पडद्यावर तारवाला दिसला की नानांचे खांदे दाबून धरायचे, एवढंच त्या माणसाचं काम. बाकी सिनेमाभर तो मोकळा असे.

ह्याला कारण होतं. दिवाळी झाली की मुरूडला सिनेमाचा तंबू पडायचा, आणि आम्ही गावाहून चार मैल चालत तिकडे जायचो. पहिल्याच वर्षीची गोष्ट. पडद्यावर एक म्हातारी तुळशीपुढे दिवा लावत होती. सायकलवरून तारवाला आला, "तार" असं ओरडला, कागद अंगणात भिरकावला आणि निघून गेला. म्हातारीनं कागद उचलला, वाचला, दिवा विझला आणि म्हातारी कोसळली. तंबूतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्यात नाना उठून उभे राहिले आणि पडद्याला म्हणाले, "अरं ए, थांब की. कुटं पलून चाललास? अंगठा कोन घेनार? तिला वाचून कोन दाकवनार?"

मागून लोक "बसा, बसा" करायला लागले. नाना बसेनात. "बसा काय? ती बाय चुलीपुडची, तिला इंग्रजी कंदी यायला लागली?" तोवर पडद्यावर म्हातारीच्या सुनेनं खिडकीशी उभं राहून गाणं सुरू केलं होतं. नानांनी तेही थोडा वेळ ऐकलं. मग शेजारच्यांना विचारलं, "घरात एवडं झालंय, नि वाडीतला एक मानूस कसा आला न्हाय?" त्या दिवशी त्यांना हाताला धरून बाहेर काढावं लागलं. सोबत म्हणून मीही बाहेर आलो. तो सिनेमा पुढे कसा संपला, ते मला आजही ठाऊक नाही.

नाना आमच्या गावच्या पोस्टात तार वाटणारे शिपाई होते. स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि नानांच्या घराला लागून एक खोली घेऊन राहत होतो. गावातले निम्मे पुरुष मुंबईत, कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बोटीवर. त्यांची खुशाली पत्रानं यायची आणि वाईट बातमी तारेनं. तार इंग्रजीत. गावात इंग्रजी येणारी माणसं चारपाच, आणि तीही नेमकी तार आली की परगावी असायची. म्हणून तार नुसती देऊन नानांचं भागत नसे. ती वाचून, मराठीत करून सांगावी लागे.

नानांना इंग्रजी शब्द चाळीसएक येत. पण ते चाळीस असे निवडक होते की माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत सगळं त्यात बसायचं. त्यातला 'सिरियस' हा शब्द त्यांना सर्वांत जास्त कळायचा. "गुर्जी, कागदावर सिरियस असंल, तर मानूस गेलेलं असतंय. मंबयवाले भितात. मला तसं सांगता येत न्हाय. मी बसतो, पानी मागतो, नि मंग हलूहलू सांगतो."

ही पाणी मागायची त्यांची रीतच होती. आधी पावतीवर अंगठा घ्यायचा, कारण नंतर कोणाचा अंगठा स्थिर राहत नाही. मग पाणी मागायचं, कारण पाणी आणायला गेलेल्या माणसाला तेवढ्यात अंदाज येतो. मग वाचायचं. आणि वाचल्यावर वाडीतलं कोणीतरी येऊन बसेपर्यंत ओटीवरून हलायचं नाही. एकट्या माणसापाशी तार टाकून पोस्टाचा शिपाई निघून जातो, हे नानांच्या लेखी खुनाच्या खालोखालचं पाप होतं. सिनेमावाले ते दर खेळाला करत होते.

कादंबऱ्यांचंही त्यांना तसंच. दुपारी तारा नसल्या की ते माझ्या खोलीत येऊन भिंतीला टेकून बसायचे. "वाचा कायतरी. मेल्याबिल्याचं असंल तं वाचा." मी त्या काळी शोकरसाचा मोठा भोक्ता होतो. वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांतली अशी पानं मी आवाज घोगरा करून वाचायचो. नायिकेच्या हातातून तार गळून पडली, तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं तिला वाटलं, आणि ती मूर्च्छित झाली.

"फुडं?"

"पुढे डॉक्टर येतात."

"कुटं पडली ती? ओटीवर का घरात?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग त्यानं बगितलेलं न्हाय," नाना म्हणायचे. "चवदा वर्सांत तार आयकून आडवा पडलेला मी एकच बगितला. तो सरकारी कारकून व्हता, नि त्याची बदली झाली व्हती."

खरी माणसं काय करतात ते त्यांच्याकडून ऐकावं. एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि सुपातले तांदूळ निवडायचे राहिले होते ते शेवटच्या दाण्यापर्यंत निवडले. एकजण म्हणाला, "नाना, आगरदांड्याची होडी सुटली असंल का ओ?" आणि वल्हं घ्यायला आत गेला. त्याला होडीनं कुठंही जायचं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं पुन्हा वाचा म्हणून सांगितलं. नानांनी वाचलं. आणखी एकदा वाचा म्हणाला. नानांनी सात वेळा वाचलं. "सातव्या टायमाला म्हनला, बरं. नि गोठ्यात गेला." मी विचारलं, "रडले नाहीत?" नाना म्हणाले, "रडतात की. पन तार वाचल्या वाचल्या न्हाय. दोन दिसांनी, जेवताना, कायतरी ताटात वाडल्यावर. ते तुमच्या बुकात कुटं हाय?"

ते माझ्या बुकात कुठंच नव्हतं. मी पान उलटायचो.

तार म्हणजे मरण, हे आमच्या गावात इतकं पक्कं होतं की नानांना एक बंदोबस्त करावा लागला होता. एका म्हातारीचा मुलगा मुंबईहून शनिवारी येणार होता. त्यानं हौसेनं तशी तार केली. नाना ओटीवर टेकून चष्मा काढताहेत तोच म्हातारीनं हंबरडा फोडला, सुनेनं कपाळ बडवून घेतलं, चूल विझवली गेली. नाना कागद हातात धरून "अगं आयका, आयका" करत राहिले. सून म्हणाली, "आयकायचं काय त्यात? तार हाय नव्हं." शेजारणींनी रीतीप्रमाणे पिठलंभात आणला. त्यानंतर कुठं कोणीतरी कागद वाचू दिला. पण पिठलंभात आणलेला परत कसा न्यायचा, म्हणून सगळ्यांनी बसून खाल्ला. शनिवारी मुलगा आला तर त्याला त्याची बायको बोलेना. फुकट रडवलं म्हणून ती चार दिवस रागावून होती.

तेव्हापासून नानांनी घंटीची पद्धत काढली. तार चांगली असली तर वाडीच्या तोंडापासून सायकलची घंटी वाजवत जायचं. तार वाईट असली तर तिथंच सायकलवरून उतरायचं, टोपी काखेत मारायची आणि सायकल हातात धरून गपचूप चालत जायचं. महिन्याभरात सगळ्या गावाला हे कळलं. घंटी ऐकली की बायका हसत दारात यायच्या. चालणारे नाना दिसले की रस्त्यावरची माणसं जागच्या जागी उभी राहायची आणि ते आपल्या घरावरून पुढे गेले की देवाला हात जोडायची.

ह्या पद्धतीनं गावाची सोय झाली आणि नानांची कायमची गैरसोय. त्यांचं साधं चालणं बंद झालं. देवळात जायचं तरी घंटी, न्हाव्याकडे जायचं तरी घंटी. एकदा सायकल पंक्चर झाली, तेव्हा त्यांनी एका हातानं घंटी वाजवत, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत, भर दुपारी सगळं गाव ओलांडलं. लोक हसले. पण घंटी वाजवली नसती तर तीन घरांत चुली विझल्या असत्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्नाचं आमंत्रण त्यांना असे, पण "नाना, खाकी घालून येऊ नका हां," असं सांगून. ते पांढरा सदरा घालून जायचे. तरी पंगतीत ते शेजारी येऊन बसले की माणूस आधी त्यांच्या हातांकडे बघायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. कोणाच्या ओटीवर गप्पा मारायला टेकले तर घरातून हमखास आवाज यायचा, "काय न्हाय ना ओ, नाना?" नाना म्हणायचे, "काय न्हाय. बसलोय." मग थोडा वेळ बसायचे आणि उठायचे. माझ्या खोलीत ते इतके का येतात हे मला उशिरा उमगलं. माझं मुंबईत कोणी नव्हतं.

अशात मी नाटक लिहिलं. हनुमानजयंतीच्या उत्सवात गावचं नाटक व्हायचं, आणि त्या वर्षीचं मी लिहावं असं ठरलं. त्याचं नाव सांगत नाही, आता माझं मलाच हसू येतं. मुलगा बोटीवर नोकरीला जातो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी तार येते, आणि आईचं दोन पानांचं भाषण. ते भाषण लिहिताना मी स्वतः दोनदा रडलो होतो. गाव रडलं पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती. आदल्या वर्षीच्या नाटकात राजा मरताना लोक शेंगा खात होते, ते मी पाहिलं होतं.

नानांना मी नाटक वाचून दाखवलं. तारवाल्याला मी एकच शब्द दिला होता, "तार." कागद टाकून तो उजवीकडून जातो, असं कंसात लिहिलं होतं. नानांनी तो कंस मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "गुर्जी, तुमी पन?"

मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणालो, "मग तुम्हीच करा ते काम."

मी सहज बोलून गेलो होतो, पण नानांचा चेहरा एकदम बदलला. त्यांना फार दिवसांपासून लोकांना हे दाखवायचं होतं, असं त्यांनी अडखळत सांगितलं. तारवाला येतो तेव्हा सगळे कागदाकडे बघतात. तो नंतर तिथं बसून असतो, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. "येकदा लोकांनी लांबून, सवडीनं बगावं. मला बगून नुसती छाती धडधडती त्यांची. मी काय मुद्दाम आनतो का?" असं म्हणून ते हसले, पण मला ते हसू बघवलं नाही. मी काम त्यांना देऊन टाकलं.

तालमीत भांडणं सुरू झाली. आईचं काम करणारा बाळू सुतार त्या भाषणासाठी मिशी काढायला तयार झाला होता. नाना तार देऊन जातच नाहीत, ओटीवर बसून राहतात, हे त्याला पटेना. "हा हितं बसला तं लोक माझ्याकडं बगतील का ह्याच्याकडं?" नाना म्हणाले, "तू गप बसलास तं तुज्याकडं बगतील. ती बाय येवडं बोलत न्हाय. ती इचारते, कवा?" बाळू म्हणाला, एका शब्दासाठी मी मिशी काढणार नाही. शेवटी तडजोड झाली. बाळूनं भाषण करायचं आणि नानांनी बसायचं, पण भाषण चालू असताना मान हलवायची नाही.

नाना महिनाभर तालीम करत होते. एकदा त्यांनी खात्री करून घ्यायला विचारलं, "गुर्जी, तार चांगली का वाईट?" मी म्हणालो, "वाईट." ते म्हणाले, "मंग लोकांतनं चालत येतो. तारवाला काय पडद्याच्या मागनं येत न्हाय, रस्त्यानं येतो." ही कल्पना मला फारच आवडली. असलं काही मुंबईच्या रंगभूमीवरही कोणी केलं नसेल, असं मला वाटलं, आणि मी त्यांची पाठ थोपटली.

उत्सवाच्या संध्याकाळी देवळापुढचं पटांगण भरून गेलं. जुन्या शिडाच्या कापडाचा पडदा, दोन गॅसबत्त्या, पुढे पोरं, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. काही मुंबईकर सुट्टी काढून आले होते. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाळू लुगडं सावरून तुळशीपुढे उभा राहिला, आणि मागून, लोकांच्या मधून, नाना निघाले. अंगात खाकी. टोपी काखेत. सायकल हातात. घंटी गप्प.

आधी मागच्या रांगा शांत झाल्या. मी पडद्याआडून बघत होतो, मला वाटलं, वा, काय परिणाम आहे. मग ती शांतता पुढे पुढे सरकत बायकांपर्यंत आली. एक म्हातारी उठून उभी राहिली आणि तिनं सायकलचं हँडल धरलं. "धाकू, कुनाची रं?"

नानांचं वाक्य रंगमंचावर होतं. तिथं खाली काय बोलायचं, ते नाटकात लिहिलेलं नव्हतं. ते गप्प राहिले. आणि नाना गप्प राहिले ह्याचा अर्थ गावाला चौदा वर्षं पाठ होता. एकीनं हंबरडा फोडला, मग दुसरीनं, मग सगळं पटांगण उठलं. ज्याचं त्याचं माणूस मुंबईत. नाव घेऊन रडणं सुरू झालं. एक बाई आपल्या थोरल्याच्या नावानं ऊर बडवत होती आणि तो थोरला तिच्या शेजारी बसून "आये, मी हितं हाय" म्हणत तिचा हात धरत होता. तिला ते ऐकू जात नव्हतं. मी लिहिलेल्या नाटकाला गाव असं रडेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

नानांनी सायकल तिथंच आडवी टाकली आणि ते रंगमंचावर चढले. बाळूच्या पुढे येऊन त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"बसा. समदी बसा. ही नाटकातली तार हाय. गुर्जींनी शालेच्या वहीत लिवलेली. कोन गेलेला न्हाय."

कोणी ऐकेना. तेव्हा नानांनी नावं घ्यायला सुरुवात केली. "काशे, तुजा नामा बरा हाय, सोमवारीच पत्र आलंय त्याचं. सखू, तुजा घरवाला बरा हाय. हुसेनमियाँ, तुमचा अहमद बंदरात उतरला, परवा मीच वाचलं न्हाय का? गंगे, तुजा पोरगा तुज्या बाजूला बसलाय, बग तरी."

एकेक नाव घेतलं की एकेक माणूस खाली बसे. नाना वाडीवार गेले. कुणबीवाडी झाली, कोळीवाडा झाला, मोहल्ला झाला. कोण कुठल्या चाळीत राहतं, कोण कुठल्या बोटीवर आहे, कोणाचा ताप उतरला, सगळं त्यांना तोंडपाठ, कारण पोस्टात आलेली पत्रंही लोक त्यांच्याकडूनच वाचून घेत. पाऊण तास ते बोलत होते. शेवटचं माणूस बसलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

त्यानंतर लोकांना इतका आनंद झाला की विचारू नका. बाळूनं भाषण सुरू केलं तर पहिल्याच वाक्याला हशा पिकला. तो जसजसा रडायला लागला तसतशी माणसं पोट धरून हसायला लागली. तिसऱ्या अंकात बापाला वेड लागतं, तिथं शिट्ट्या पडल्या. अशी मजा कुठल्याच वर्षी आली नव्हती, असं सगळ्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणतणतच नानांच्या ओटीवर गेलो. माझ्या दोन पानांचा असा कचरा झाला होता आणि तो ज्यांच्यामुळे झाला त्यांना दोन शब्द ऐकवायचे होते. नाना चहा पीत बसले होते. रात्रभर त्यांचा डोळा लागला नसावा, पण चेहरा मात्र ताजा होता.

"रागावलात, गुर्जी?"

"रागावू नको तर काय करू?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमास्नी येक सांगतो. तार वाचली की मानूस काय करतंय म्हाईत हाय? तो कागद परत माज्या हातात द्याया बगतंय. समदीच. बाय असो, बाप्या असो. म्हंजे मी परत नेली की झालंच न्हाय असं. मी हात मागं घेतो. काय करनार? दिलेली तार परत घेता येत न्हाय." त्यांनी कप पुन्हा उचलला. "काल घेतली."

मी काय ऐकवायला आलो होतो ते विसरलो. शोकावर मी इतकी पानं लिहिली होती, पण ह्या माणसाच्या हातात रोज काय येऊन पडत होतं, त्याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी त्यांच्याजवळ ओटीवर बसलो. त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी चहा आणला.

"फुडल्या साली नाटक लिवाल का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"लिहीन."

"तार ठेवा त्याच्यात."

"ठेवतो की. ह्या वेळी चांगली ठेवू का?"

"न्हाय," नाना म्हणाले. "वाईटच ठेवा."